नेमकं गिऱ्हाईक

"आधी माणसाचं दुखणं हेर, मग माल काढ," असं नेटवर्क मार्केटिंगमधल्या वरच्या साहेबाने क्रिसांतोला शिकवलं होतं. म्हणून तेओफिलोच्या मयतीला तो झोपेच्या गोळ्या घेऊनच गेला.

तेओफिलोचा कोणीतरी गळा चिरला होता. चोच मारून मारून खुन्याचं मन टोचत राहावं म्हणून शवपेटीच्या काचेवर तिथल्या रिवाजाप्रमाणे कोंबडीचं जिवंत पिल्लू सोडलं होतं. कॉफी पिणाऱ्यांत एकटा मेल्चोर तिकडे बघत नव्हता. डोळे तांबारलेले.

क्रिसांतो त्याला खेटून बसला. "दादा, झोप उडालीय ना? तुमच्या मनाला काय खातंय, मला सगळं ठाऊक आहे. चला परसात, बोलू."

परसात त्याने गोळ्यांची बाटली काढायला पिशवीत हात घातला, तोच मेल्चोरचा सुरा त्याच्या पोटात घुसला.



दुसऱ्या दिवशी मेल्चोरला दोन शवपेट्यांवरच्या दोन पिल्लांकडे न बघता कॉफी प्यावी लागली.