एक चूक हवी आहे

"डबा रोज वाजलाय," लॅपटॉपवरून मान वर न करता सर म्हणाले. "आणि वाजल्यावर रोज कोणीतरी बटण दाबून तो बंदही केलाय."

रेडिओवाल्याने सोल्डरिंगची गन बाजूला ठेवली. त्या वेळी घरात बाई एकट्याच असत.

गोळ्यांची वेळ झाली की वाजणारा तो डबा बाईंसाठी त्यांच्या नवऱ्यानेच बनवला होता. पण गोळ्या तशाच पडून राहायच्या आणि बाई म्हणायच्या, "मेला वाजतच नाही!" म्हणून त्याने जुन्या दोन दोस्तांना, रेडिओवाल्याला आणि कॉलेजात प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या सरांना, बोलावलं. गेल्या खेपेला सरांनी चिपच्या प्रोग्राममध्ये डबा कधी वाजला, कधी बंद केला याची नोंद ठेवणाऱ्या चार ओळी घातल्या, आणि आज सोक्षमोक्ष लागला.

"मला आधीच कळलं होतं," नवरा स्वयंपाकघराकडे बघत हळूच म्हणाला. "बिघाड काढायला नाही बोलावलं तुम्हाला. एक चूक घालून द्या. डबाच बिघडला होता असं सांगू. आपल्याला विसरायला होतंय की काय, म्हणून ती फार घाबरली आहे रे."

"मग तूच घाल की!" रेडिओवाला म्हणाला.

"माझ्या चुका ती झोपेतही ओळखते."

नुसत्या थापेवर भागणार नव्हतं. बाई प्रोग्राम स्वतः वाचणार. याच टेबलावर, केस काळे होते तेव्हा, तिघांना चिपची बाराखडी त्यांनीच शिकवली होती. रविवारची दुपार, तापलेल्या सोल्डरचा वास, आणि तिघे एकमेकांच्या वायरींवर खापर फोडत बसलेले. बाई मागून यायच्या, एक नजर टाकायच्या. "हे काय, गाढवांनो?" ते ऐकायला तिघे वेळेआधीच येऊन बसायचे. त्यातला एक पुढे त्यांचा नवरा झाला, तरी इतरांच्या त्या बाईच राहिल्या. फार सुखाचे दिवस होते ते.

सरांनी मिनिटं मोजणाऱ्या आकड्याला मुद्दाम लहान घर दिलं. आकडा मावेनासा झाला की तो पुन्हा शून्यावर येणार आणि वेळ हुकणार. चूक साधी होती, पण पटण्यासारखी. जन्मभर चुका उपटणारा माणूस आज चूक पेरत होता.

बाई चहा घेऊन आल्या. "सापडलं का काही?"

"सापडलं, बाई. डबाच चुकत होता."

बाईंनी चष्मा लावला. एकेक ओळ वाचत गेल्या आणि बरोबर त्या जागी त्यांचं बोट थांबलं. नवऱ्याचा जीव भांड्यात पडला.

"ही चूक करू नका, हे मी तुम्हाला अगदी पहिल्या दिवशी सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे शिकलेला माणूस ही चुकून करणार नाही."

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला आणि पुन्हा लावला.

"म्हणजे डबा वाजत होता."

त्यांनी लॅपटॉप पुढे ओढला आणि ती चूक स्वतःच्या हाताने काढून टाकली.