तिखट खिरापत

"गोड का तिखट?" भोंडल्याचा फेर थांबताच मुलींनी नववीतल्या कस्तुरीला विचारलं. खिरापतीचा डबा तिनं ओढणीखाली झाकला होता.

"तिखट."

"चकली? भेळ? तुझ्या आईची मिसळ?"

"हरलात," म्हणत तिनं झाकण काढलं. आत फुटलेल्या हिरव्या बांगड्या होत्या आणि उपटलेल्या केसांचा पुंजका. "आई करंज्या करायला बसली होती. बाबांनी आधी तिला मारलं, मग मला."

मुलींनी एकमेकींचे हात सोडले. मुख्याध्यापिका मात्र आधीच्या खिरापतीतला लाडू चघळत म्हणाल्या, "झाक गं ते. घरातलं असं चारचौघींत मांडायचं नसतं." आणि बोटांचं तूप चाटू लागल्या.

मी तिची वर्गशिक्षिका. हत्तीच्या पाटापाशी बसून मी मोबाइलवर मुलांच्या मदतीचा नंबर लावला, दहा नऊ आठ. "मी बोलू का तू बोलतेस?"

तिनं मुख्याध्यापिकांकडे पाहिलं. तेव्हा कुणी न सांगता मुलींनी आमच्याभोवती पुन्हा फेर धरला. मुख्याध्यापिका बाहेरच राहिल्या.

कस्तुरीनं हात पुढे केला. "द्या बाई. डबा मीच आणलाय."