सात ओळींचं फडकं

“आणखी काय गेलं?” प्रभाकरपंतांनी टाक शाईत बुडवला.

“पोराची झोळी गेली,” सखुबाई म्हणाली.

सातवी ओळ भरली. पंत कल्याणच्या चौकीत नवे कारकून. गोऱ्या साहेबाचा नियम, चोरीचा जिन्नस न् जिन्नस वेगळ्या ओळीवर. डोक्यावरची चुंबळ, भाकरीचं फडकं, ताकाचं गाळणं, उन्हात डोक्याला बांधायची टापर, अंथरूण, बाजाराचं गाठोडं आणि आता झोळी. सगळ्याला तांबडा काठ, कोपऱ्यात निळं ठिगळ. बाई मोठी टापटिपीची दिसते, पंतांना वाटलं. कुंपणावर वाळत घातलेले एवढे कपडे उचलले म्हणजे टोळीच असणार. पंतांना बढती दिसायला लागली.

तेवढ्यात काळुराम शिपायानं मिठागरावरच्या गुणाजीला आणून उभं केलं. मागोमाग त्याची बायको. तिच्या उराशी तांबड्या काठाचं गाठोडं.

“बाकीची सहा कुठं दडवलीस?” पंतांनी गुणाजीला दरडावलं.

“एकच घेतलं, रावसाहेब.”

“काळुराम, याला आत घे. सहा निघेपर्यंत सोडू नकोस.”

सखुबाई गडबडीनं पुढं आली. “अवो, एकच व्हतं. कामं सात करायचं.”

पंतांनी यादी पाहिली, बाई पाहिली, पुन्हा यादी पाहिली. ज्यात ताक गाळायचं त्यातच पोर निजवायचं?

“मधी धुते की,” सखुबाई म्हणाली.

पंतांनी सहा ओळी खोडल्या. टोळी गेली, तिच्यामागून बढतीही गेली. पण चोरी ती चोरीच. बाईनं फडकं ओळखलं की गुणाजीला तीन महिने ठरलेले.

“बघून सांग. हेच का?”

सखुबाईनं गाठोड्याचा कोपरा उचलला. निळं ठिगळ तिनंच घातलेलं. आत कालच जन्मलेलं मूल, मुठी आवळून झोपलेलं.

“मिठागरावरच मोकळी झाले,” गुणाजीची बायको हळूच म्हणाली. “मिठावर कसं ठेवू त्याला?”

 सखुबाईनं कोपरा बाळाच्या पायाखाली नीट खोचला.

“हे माजं न्हाय.”

पंत चक्रावले. “अगं, काठ तोच, ठिगळ तेच. तूच सांगितलंस ना मघाशी?”

“सांगितलं,” सखुबाई म्हणाली. “पन माजं रिकामं व्हतं.”