रिकाम्या खुर्चीचा पंखा

स्टेडियम रिकामं होतं आणि एकशे बारा नंबरच्या खुर्चीचा पंखा फिरत होता.

"माणूस बसला तरच पंखा फिरतो, हेच आपण जगाला सांगत सुटलोय," मॅनेजर वायरमनला म्हणाला. "मग हा कुणाला वारा घालतोय?"

वायरमननं चार वेळा सेन्सर बदलला होता. काल तर अख्खी खुर्चीच बदलली. जुनी खुर्ची गोदामात निमूट पडून राहिली, नवी आली तिथं पुन्हा पंखा सुरू. शेवटचा उपाय म्हणून मॅनेजरनं खुर्चीवर नोटीस चिकटवली, 'विनातिकीट बसू नये.' पंख्याच्या वाऱ्यानं ती उडाली.

दहा मिनिटांत तपासणीवाले साहेब येणार होते. रिकाम्या स्टेडियमचा मीटर शून्यावर दिसला तर पर्यावरणाचं सर्टिफिकेट. ते मिळालं तर आंतरराष्ट्रीय सामने. नाही मिळालं तर वायरमन घरी.

"वायर काप."

"एक कापली की सगळी रांग बंद पडते, साहेब. तपासणीवाले बसून बघणार आहेत."

"मग कर काहीतरी. भूत बसलंय का तिथं?"

"भूत कशाला," वायरमन हळू आवाजात म्हणाला. "माझे बाबा असतील."

मॅनेजरचा चेहरा उतरला. छतावर सोलरचे पत्रे चढवताना एक म्हातारा मिस्त्री बरोबर इथंच कोसळला होता. भर उन्हात. छतच व्हायचं होतं, सावली कुठून येणार? जरा टेकतो म्हणाला होता. 'आधी काम संपव, मग बस,' असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. कुणी, तेही मॅनेजरला आठवलं.

"काम संपलं ना आता," वायरमन म्हणाला. "म्हणून बसलेत."

तेवढ्यात साहेब पायऱ्या चढून वर आले. हातात फाईल, गळ्यात ओळखपत्र. मॅनेजरला घाम फुटला.

वायरमन खुर्चीजवळ वाकला.

"बाबा, साहेब आलेत."

पंखा मंद झाला, थांबला. मीटरवर शून्य आलं. साहेबांनी फाईलवर सही केली, मॅनेजरशी हात मिळवला, वायरमनची पाठसुद्धा थोपटली.

वायरमन त्या खुर्चीकडे बघत राहिला. नोकरी वाचली होती. आणि बाबा मेल्यावरही साहेबासाठी उठून उभे राहिले होते.