तीन खाती, एक नवरा

“माझा नवरा जाऊन एकोणीस वर्षं झाली,” सासूबाई म्हणाल्या. “आणि तू त्यांना काल परत दवाखान्यात घातलंस?”

सुनेने लॅपटॉपखाली दोन डबे सारले, म्हणजे सासूबाईंचा चेहरा कॅमेऱ्यात नीट येईल. चाराला दहा मिनिटं कमी होती.

चूक एवढीशीच. काल सुनेच्या नवऱ्याला दम लागला. त्याला दवाखान्यात आत नेलं आणि तिने जिन्यात उभ्याउभ्या मोबाइलमधल्या एआय मदतनिसाला सांगितलं, सगळ्या गिऱ्हाइकांना कळव, नवरा दवाखान्यात आहे, दोन दिवस द्या. मदतनीस सांगकाम्या. त्याने सगळ्यांना कळवलं. विकायच्या वस्तूंची माहिती लिहायची कामं मिळवून देणाऱ्या एका वेबसाइटवर घरातली तीन खाती होती. एक सुनेचं, एक सासूबाईंचं, एक लांब दिलेल्या नणंदेचं. एका नावावर आठवड्याला मोजकीच कामं मिळतात, म्हणून नावं तीन आणि लिहिणारी एकच. चपलांच्या एका दुकानदाराने तिघींनाही काम दिलं होतं. त्याला एकाच मिनिटाला तीन बायकांचे तीन नवरे आजारी पडलेले दिसले, तेही शब्दाला शब्द सारखे. चपला विकतो म्हणून माणूस बिनडोक नसतो. त्याने तक्रार ठोकली.

सकाळी दोन खाती बंद झाली. उरलं सासूबाईंचं. तेच सगळ्यांत जुनं. ते टिकवायचं तर खातेदार बाईने चार वाजता कॅमेऱ्यासमोर बसायचं होतं.

आतल्या खोलीत खोकल्याची उबळ आली आणि थांबली. नवऱ्याला पहाटेच घरी आणलं होतं. उद्या डायलिसिस. आठवड्यातून दोनदा, न चुकता. तेवढं या तीन खात्यांवर चालत होतं, आता एकावर चालवायचं.

“विचारलं तर सांगायचं, वस्तूंची माहिती मीच लिहिते. बावीस वर्षांचा अनुभव आहे,” सून म्हणाली.

“बावीस वर्षं मी काय केलं ते मला ठाऊक आहे. भांडी घासली.”

“अहो आई, तुमच्या पाया पडते.”

“पाया नंतर पड. आणि खोटं बोलायला मला शिकवू नकोस. मीही या घरात सून होते.”

चौथी शिकलेल्या सासूबाई ठेवणीतली साडी नेसून ताठ बसल्या. सून लॅपटॉपच्या मागे, भिंतीला पाठ लावून उभी राहिली. पडद्यावर वेबसाइटचा, कानाला हेडफोन लावलेला एक तरुण आला. बोलायला गोड होता.

“नमस्कार काकू. चपलेची माहिती लिहिताना तुम्ही आधी काय बघता?”

“तळ,” सासूबाई म्हणाल्या. “वरची नक्षी बघून घेणारा महिन्यात अनवाणी फिरतो.”

तो हसला. “आणि मग?”

“टाके. चिकटवलेली की शिवलेली ते सांगायचं. आणि टाच कुठल्या बाजूने झिजेल तेही, गिऱ्हाईक वजनदार असेल तर.”

सुनेने ओठ घट्ट दाबून धरले. यातलं एक अक्षर तिने शिकवलं नव्हतं.

“फारच छान,” तो खाली काहीतरी नोंदवत म्हणाला. “झालंच आपलं. फक्त शेवटचा नियम. मी तुमच्या खात्यावर एक प्रश्न पाठवतो, त्याचं उत्तर तुम्ही माझ्यासमोर टाइप करायचं. त्याआधी दोन्ही हात कॅमेऱ्यासमोर धरा.”

“हात वर करायला मी चोर आहे का?”

“नाही हो काकू. सगळ्यांनाच सांगतो.”

सासूबाईंनी हात वर केले. सुरकुतलेले, बोटं थोडी वाकडी. पडद्याच्या कोपऱ्यात प्रश्न उमटला: या खात्यावरचं काम तुम्ही स्वतः करता का?

सुनेच्या मोबाइलमधला मदतनीस चालूच होता. सासूबाईंच्या खात्यावर कुणाचाही निरोप आला की लगेच उत्तर द्यायचं, गिऱ्हाईक ताटकळता कामा नये, असं तिनेच त्याला बजावलं होतं. तिने मोबाइल ओढला. अंगठा घामाने ओला. मोबाइल उघडेना. साडीच्या पदराला अंगठा पुसून तिने पुन्हा टेकवला. उघडेना.

प्रश्नाखाली ओळ उमटली: “नमस्कार! हो, या खात्यावरचं प्रत्येक काम मी स्वतःच, अगदी मनापासून करते. आणखी काही मदत हवी असल्यास जरूर कळवा.”

तरुणाने ओळ वाचली. मग हात पाहिले. हात अजून हवेतच होते.

“काकू,” तो हळूच म्हणाला.

सासूबाई ओठ हलवत ती ओळ वाचत होत्या. शेवटपर्यंत पोचायला त्यांना वेळ लागला. मग त्यांनी लॅपटॉपवरून सुनेच्या तोंडाकडे पाहिलं. आत पुन्हा खोकला सुरू झाला.

त्यांनी दोन्ही हात सावकाश खाली आणले, बटणांवर ठेवले, आणि आपलं उत्तर लिहायला त्या एका बोटाने पहिलं अक्षर शोधू लागल्या.