अळणी नवस

धोंडुबाई लेकीचं बाळंतपण उरकून कागलहून परतली, तर तिच्याच दारात चपलांचा ढीग. एवढ्या चपला एक तर मयताला जमतात, नाहीतर पूजेला. हातातली पिशवी उंबऱ्यात टाकून ती आत घुसली.

मधल्या खोलीत पाटावर विश्वजित बसलेला. तिचा लेक. कपाळभर अंगारा, मांडीवरचे दोन्ही हात लटलटा कापतायत, ओठाच्या कोपऱ्यात लाळ. पुढ्यात नारळ, उदबत्त्या, आणि हात जोडून गल्लीतल्या बाया. शेजारची बायडाबाई तर पदर पसरून विचारत होती, "म्हाराज, माझ्या पोरीचं लगीन कवा जमल?"

विश्वजितनं मान वर केली. "आई..." जीभ जड पडली होती. "पाणी."

"देव आलाय धोंडू अंगात," चिमणाबाई म्हणाली. ही धोंडुबाईची थोरली नणंद, धोंडुबाई नसताना घर सांभाळायला म्हणून शिरोळहून आलेली. तोंडावर नुसतं तेज. "नरसोबाच्या वाडीला जाऊन दत्तम्हाराजास्नी बोललो, पोराला अळणी जेवू घालतो, पर ह्यातनं सोडवा. पंधरवडा झाला, मिठाचा कण दिला न्हाई. आनि बघ की, परवापासनं देव हलाय लागलाय."

धोंडुबाईनं तांब्या लेकाच्या ओठाला लावला. अर्धं पाणी अंगावर सांडलं.

"आनि गोळ्या?"

"एकबी चुकवली न्हाई. तुझ्या डाक्टरचंबी केलं, देवाचंबी केलं. नाव ठेवाय जागा ठिवली न्हाई."

धोंडुबाईची शाळा एस्टीची पाटी वाचण्यापुरती. पण डॉक्टरचं बोलणं तिनं आरतीसारखं पाठ केलं होतं. पोराचं मन पंचगंगेसारखं आहे, मावशी. पूर येतो, मग पात्र कोरडं पडतं. ही गोळी म्हणजे बंधारा. पण मीठ तोडायचं नाही, पाणी तोडायचं नाही. तोडलं, तर हीच गोळी अंगात साचून विष होते. हात कापायला लागले, उलट्या झाल्या, जीभ जड झाली, की गोळी थांबवायची आणि तडक दवाखाना.

"उलटी झाली काय?"

"सकाळधरनं चालूच हाय की," चिमणाबाई कौतुकानं म्हणाली. "आतली घाण भायेर पडायलीया."

धोंडुबाईनं उदबत्त्या उपटल्या आणि मोरीत भिरकावल्या.

"वन्सं, आजवर तुमच्याम्होरं डोईवरचा पदर ढळू दिला न्हाई. पर आज ऐका. ह्यो देव न्हाई, गोळीचं इख हाय. मिठाबगार चढलंय. बायडे, बघत काय बसलीस? तुझ्या मालकाला म्हणावं रिक्षा काढ."

बायडाबाई उठली, पण फणकाऱ्यानं. "देव म्हणून पाया पडलो, आमचं काय चुकलं?"

"दिवाळीला ह्यानं रंकाळ्यावर हुभं ऱ्हाऊन शिरोलीच्या कारखान्यांतल्या समद्या कामगारास्नी दुप्पट पगार जाहीर केला, तवा दात काढाय कोण हुतं? मग म्हयनाभर भिंतीकडं तोंड करून पडला, तवा एकीनं तरी कपभर च्या आणून दिला? तुझ्या पोरानं माझ्या दारावर खडूनं येडा लिवलं. पुसाय आलीस? तवा येडा, आनि कापाय लागला तर म्हाराज? उचला आपापलं नारळ."

बायांनी नारळ उचलले. चिमणाबाईनं पदर तोंडाला लावला. "मी वाईट चितलं व्हय गं? माझा भाचा हाय त्यो."

"चितलं न्हाईसा, तितंच घोडं आडलंय. वाईट चितलं आसतं तर तुमच्या झिंज्या तरी धरल्या आसत्या."

बायडाबाईच्या नवऱ्यानं एका बगलेत हात घातला, धोंडुबाईनं दुसऱ्या. विश्वजितचे पाय दारुड्यासारखे पडत होते. रिक्षात त्याला आत ढकलून ती शेजारी बसली. राग अजून जिभेवरच होता, आणि आता दुसरं कुणी समोर नव्हतं.

"तुझ्याम्होरंच सांगितलंतं न्हवं डाक्टरनं? का जिभंलाबी कळत न्हवतं, आमटीत मीठ न्हाई ते?"

"कळत हुतं."

"मग मुक्या जनावरागत गिळत बसलास?"

विश्वजित बाहेर बघत होता. शब्द एकेक ओढून आणल्यासारखे आले.

"आई, हात कापाय लागल्यापासनं... मला कुणी येडा म्हणलं न्हाई."

तोंडाशी आलेली शिवी धोंडुबाईनं गिळली. आयुष्यात पहिल्यांदाच गिळली असेल.

"जरा हाण की रं रिक्षा," ती पुढं बघून म्हणाली.

गल्लीच्या तोंडाला नळावर दोघी बाया थांबल्या होत्या. आतला विश्वजित दिसला तशा त्यांनी घागरी खाली ठेवल्या आणि हात जोडले. विश्वजितचा उजवा हात कापत कापत वर उठला. धोंडुबाईनं मनगट धरून तो मांडीवर दाबला. चांगला जोर लावून दाबला.

मग बाया मागं पडायच्या आत सोडून दिला.