ऋजुताचे कान

मधल्या सुट्टीची घंटा झाली, तशी दातारबाईंनी आठवीच्या मुलांच्या कानांमागे प्रत्येक आवाज कित्येक पटींनी मोठा करणाऱ्या श्रवणपट्ट्या लावल्या. आज प्रथमच सारा वर्ग ऋजुताच्या कानांनी ऐकणार होता.

ऋजुता डबा घेऊन दाराशीच थबकली होती. "मी इथे बसू का?" हे एकच वाक्य बाईंनी महिनाभर तिच्याकडून घोटून घेतले होते, परंतु अंगतपंगतीतल्या स्टीलच्या डब्यांचा खणखणाट कानांवर आदळला, की ते ओठांवरच विरून जाई. आजही जमले नाही, तर पुन्हा जिन्याखाली एकटीनेच जेवायचे, असे तिने मनाशी ठरवले होते.

शाल्मलीने डब्याचे झाकण बाकावर टाकले आणि दचकून दोन्ही कान झाकले.

"आई गं! बाई, कुणी घण घातला?"

"तुझंच झाकण आहे ते."

"ऋजुताला रोज असं ऐकू येतं?"

"रोज."

मग शाल्मलीने रुमाल पसरून त्यावर झाकण अलगद ठेवले. पाहता पाहता सगळ्यांनीच तसे केले. त्या शांततेत ऋजुता चार पावले चालून शेवटच्या रिकाम्या बाकावर टेकली. वाक्य मात्र अजून ओठांवरच होते.

तोच शाल्मली डबा घेऊन जवळ आली आणि दबक्या स्वरात म्हणाली, "मी इथे बसू का?"

ऋजुता गोंधळली. प्रश्न तिला मुखोद्गत होता. उत्तर कुणी शिकवलेच नव्हते. तिने आपला डबा वीतभर बाजूला सरकवला.

"बस. मेथी आवडते?"

"मुळीच नाही."

"मग लोणचं घे."